मायक्रोवेव्हमधलं नाव

आमच्या घरी मायक्रोवेव्ह पुसायचं काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. हा माणूस पाटोडीच्या रश्श्याची वाटी झाकण न ठेवता आत सरकवतो, तर्री छतापर्यंत उडते, आणि वरून मलाच सांगतो, "काही नाही झालं, थोडंसं उडलं." थोडंसं म्हणजे किती, ते पुसणाऱ्याला विचारावं. मी नागपूरच्या पलीकडे सौंसरला शाळेत शिकवते. दिवसभर पोरांच्या वह्या तपासायच्या आणि घरी येऊन साहेबांनी दुपारी काय गरम केलं ते त्या मशीनच्या भिंतींवर वाचायचं, असं माझं चालू असतं.

पुसायची माझी पद्धत ठरलेली आहे. काचेच्या भांड्यात पाणी घ्यायचं आणि त्यात संत्र्याची सालं टाकायची. लोक लिंबू सांगतात, पण सौंसरात राहून लिंबू विकत कोण आणते, इथे संत्र्याची सालं घरोघरी पडलेली असतात. पाणी चांगलं खळखळ उकळू द्यायचं आणि मशीन थांबल्यावर दार लगेच उघडायचं नाही. वाफ आत कोंडून राहिली पाहिजे. तेवढ्यात आपला एक चहा होतो. मग प्लग काढून मऊ फडक्याने छत, भिंती, दाराची आतली बाजू पुसायची. वाळून कडक झालेली तर्रीसुद्धा निमूट निघते. काचेचं ताट आणि त्याच्या खालची चाकांची कडी बाहेर काढून वेगळी धुवायची. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक तुकडा बसवलेला असतो, तो अभ्रकाचा असतो, त्याला ओला हात लावायचा नाही. आमच्या शेजारणीने तो खोक्याचा पुठ्ठा राहिला समजून उपटून काढला होता, आणि नंतर मशीन तडतडायला लागलं तर कंपनीला शिव्या देत बसली. तारेची घासणी माझ्या मशीनच्या आसपास दिसली तर ती सरळ बाहेर जाते, घासणीही आणि आणणाराही.

आणि एक जागा मी मुळीच ओली करत नव्हते. तळाला, पुढच्या बाजूला, दार उघडलं की पहिली नजर जाते तिथे. तिथे माझ्या आईचं नाव कोरलेलं होतं.

मायक्रोवेव्हच्या आत नाव, हे ऐकून बाहेरचे लोक हसतात. पण आमच्याकडे, पांढुर्णा घ्या की सौंसर, नाव टाकल्याशिवाय भांडं घरात येत नाही. लग्नकार्यात सगळ्या गल्लीची भांडी एका मांडवात जमा होतात. पंगती उठल्या की वाट्या-गिलासांचा हा ढीग. कोणाचं काय ते नावाशिवाय कसं कळणार? म्हणून भांडेवाल्याच्या दुकानात नाव टाकायचं विजेचं पेन असतं, कर्रर्र आवाज करणारं. भांडं कोणाला आहेरात द्यायचं असलं तर देणाऱ्याचंही नाव येते, अमुक यांजकडून तमुक यांस. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर नजर फिरवली तर दोन्हीकडचं खानदान वाचून काढता येईल, पण फक्त पुरुषांचं. आईच्या आंदणातला पाणी भरायचा पितळेचा गुंड आहे माझ्याकडे. तो तिच्या वडिलांकडून माझ्या वडिलांना दिलेला आहे, तसं त्याच्यावर ठळक लिहिलं आहे. जिच्यापायी तो गुंड एका घरातून दुसऱ्या घरात आला, तिचा त्याच्यावर कुठे पत्ता नाही.

आम्ही सौंसरला घर बांधलं आणि वास्तू ठेवली, तेव्हा माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई पांढुर्ण्याला माझ्या भावाकडे राहत होती, अजूनही राहते. मोसमात ती संत्र्याच्या मंडीत छाटणीला जायची, लहान-मोठी फळं वेगळी करून पेट्या भरायच्या. त्या कामाच्या पैशाला ती घरात कोणाला हात लावू देत नव्हती. भाऊ चिडवायचा की आई काय आता जमीन घेते का. तिने जमीन नाही घेतली, मायक्रोवेव्ह घेतला. मी शाळेतून दमून येते आणि थंडच जेवायला बसते, हे तिने पाहिलं होतं. टीव्हीवर तिने ते मशीन पाहिलं होतं. आहेरात लेकीला तेच द्यायचं, हे तिच्या डोक्यात बसलं आणि तिच्या डोक्यात बसलेलं काढायची कोणाची टाप नव्हती.

मशीन घेतलं आणि ती ते रिक्षात टाकून आधी भांडेवाल्याकडे घेऊन गेली. हे मला तिनेच नंतर सांगितलं. भांडेवाला जुना, आमच्या घरच्या दोन पिढ्यांची भांडी त्याच्या हातून गेलेली. तो म्हणाला, "काकू, हे भांडं नाही व्हय." आई म्हणाली, "याच्यात अन्न शिजते का नाई?" तो म्हणाला, शिजते. "मंग भांडंच झालं. टाक नाव." त्याने बाहेरून प्रयत्न केला तर तिथे सगळं प्लास्टिक, पेन वितळवत जात होतं. काचेवर ते घसरत होतं. शेवटी आई म्हणाली, दार उघड अन् अंदर टाक, जिथं पोरीचा हात रोज जाईन तिथं टाक. त्याने मशीन पोटाशी धरून, वाकून, आत हात घालून तळाच्या पत्र्यावर नाव टाकलं.

वास्तूच्या दिवशी पूजा आटोपली, बायका आहेर बघायला जमल्या. माझी आत्यासासू म्हणजे प्रत्येक भांड्यावरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय न राहणारी बाई. तिने मशीनचं दार उघडलं आणि वाचलं. यांजकडूनच्या आधी एका बाईचं नाव होतं, एकटंच. त्याच्या पुढे ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव. आत्यासासूने विचारलं, "हे कोण वं बाई? आपल्याइकडची तं नाई दिसत." मीही वाकून पाहिलं. मला वाटलं, भांडेवाल्याचा घोळ झाला, दुसऱ्याच कोणाच्या आहेराचं नाव आमच्यावर टाकून दिलं. मी आईला म्हटलं, "आई, पाय, तुह्या त्या भांडेवाल्यानं काय करून ठेवलं. हे कोणाचं नाव आहे?"

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माह्यंच हाय."

मग तिने विचारलं, "बराबर लिवलं ना त्यानं? वाचून दाखव बरं एक डाव." आईला वाचता येत नाही. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली, ती सही मात्र लग्नानंतरच्या नावाची. मी तिला ते नाव वाचून दाखवलं. ती हो म्हणाली आणि पाण्याचा गिलास मागितला.

हे नाव तिचं पाळण्यातलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, माझ्या वडिलांनी अंगठीने त्यावर दुसरं नाव लिहिलं, आणि तांदूळ सारखे केले तसं पहिलं नाव संपलं. तिला तर ते लिहिलेलंही वाचता आलं नव्हतं. भटजी मोठ्याने म्हणाले तेव्हा तिला कळलं की आपलं नाव आता हे आहे. सासरी सगळे त्याच नावाने ओळखू लागले, आणि आम्ही झाल्यावर तेही मागे पडून ती आमची आई झाली. रेशन कार्ड, आधार, बँक, मतदार यादी, सगळीकडे दुसरंच नाव. शाळेत ती गेली नाही, म्हणून दाखल्यावर असायचाही प्रश्न नव्हता. म्हणजे पाहायला गेलं तर माझ्या आईचं खरं नाव एकाच जागी लिहिलेलं होतं, माझ्या मायक्रोवेव्हच्या तळाला. ते मी इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा सौंसरला आली, तेव्हा चहा झाला की उठून मशीनपाशी जायची. दार उघडायची, बोट आत घालून त्या अक्षरांवरून फिरवायची आणि दार लावायची. वाचता येत नव्हतं तरी बोटाला खरखर लागली की तिचं काम व्हायचं. मला गंमत वाटायची. मी म्हणायची, "आहे वं आई, कुठं पळून नाही गेलं." ती म्हणायची, "पायते फक्त."

आता खरी गोष्ट. ज्या कोणाला मशीनचं थोडंही कळते तो सांगेल की आतल्या पत्र्यावर जो पांढरा लेप असतो, तो खरवडायचा नसतो. तो लेप आहे तोवर पत्रा सुरक्षित. भांडेवाल्याच्या पेनने नेमका तोच लेप अक्षराअक्षराने कापला होता. स्टीलच्या ताटाला त्याने काही होत नाही, तिथे खालीही स्टीलच असते. इथे खाली साधा लोखंडी पत्रा होता. त्यात रोजची वाफ, दुधाचे शिंतोडे, साहेबांची तर्री. पहिली दोन-तीन वर्षं काही दिसलं नाही. मग एका पावसाळ्यात पहिल्या अक्षराच्या पोटात तपकिरी ठिपका दिसला. मला वाटलं वरण सांडलं. मी पुसलं, तो निघाला नाही. नखाने खरवडला तर खालून आणखी तपकिरी. जंग लागला होता.

मी काय काय नाही केलं. आधी कोरड्या फडक्याने दिवसातून दोनदा टिपणं सुरू केलं. मग कापसाच्या बोळ्याने खोबरेल तेल लावलं, लोखंडाला तेल लावतात तसं. दुसऱ्या दिवशी दूध गरम केलं तर सगळ्या घरात जळक्या खोबऱ्याचा वास आणि दुधालाही तोच. नवरा म्हणाला, "केरळात आल्यासारखं वाटून राहिलं." मग मी नखाला लावतात ते बिनरंगाचं नेलपॉलिश आणलं आणि अक्षरांवर फिरवलं. महिनाभर ठीक चाललं आणि मग त्याचे पापुद्रे निघू लागले. एक पापुद्रा तर वाटीखाली सापडला. तेव्हा मीच घाबरले, की हे आपण खाऊन तर नाही राहिलो. मी ते सगळं खरवडून काढलं, आणि त्या खरवडण्यात उरलासुरला लेपही थोडा गेला. म्हणजे मी वाचवायला जात होते आणि जंग त्याच वाटेने पुढे सरकत होता. यांजकडूनचा शेवट आधीच वाचता येईनासा झाला होता. नाव अजून वाचता येत होतं, पण त्याच्या भोवती लेप फुगून आला होता, ओल धरलेल्या भिंतीचा रंग फुगतो तसा.

यंदा थंडीत, संत्र्याचा हंगाम चालू असताना, एका सकाळी मी भात गरम करायला ठेवला आणि आतून चट् चट् आवाज आला. तळाला निळी ठिणगी पडली, आणखी एक पडली. मी प्लग ओढला. मला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. भांडेवाल्याचा म्हणा, आईच्या हट्टाचा म्हणा.

बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने टॉर्च मारून पाहिलं, बोटाने फुगलेला लेप दाबला, तो कुरकुरत सुटला. हिंदीतच म्हणाला, "मॅडम, बॉडी गल रही है. यहाँ किसने खुरचा?" मी म्हटलं, कोणी नाही. त्याने सांगितलं ते सरळ होतं. सगळा जंग रेगमालने घासून चकचकीत पत्रा काढायचा, त्यावर या मशीनच्या आतल्या भागासाठीच मिळतो तो रंग लावायचा, नीट वाळू द्यायचा, मग मशीन आणखी काही वर्षं चालेल. तसं नाही केलं तर तिथे भोक पडेल, आणि भोक पडलेलं मशीन घरात चालवायचं नाही म्हणजे नाही, ते भंगारात. तो रंग इथे मिळत नाही, नागपूरहून आणावा लागेल, हेही त्याने सांगितलं. आणि रेगमाल म्हणजे तो वाळूचा कागद, तो इथे कुठल्याही दुकानात मिळतो.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "नवीन घेऊ. याच्यातून आता जीव गेला." मी म्हटलं, "आणि नाव?" तो म्हणाला, नव्यावर टाकून आणू. मी ताट सरकवून उठले. त्याचं चुकत नव्हतं, तरी उठले. नव्या मशीनवर पुन्हा तोच खड्डा पाडायचा का? आणि पाडला तरी ते आईने टाकलेलं नाव थोडंच असणार होतं. ते मी टाकलेलं असतं. भंगारात दिलं तरी नाव जाणार, घासलं तरी जाणार. जे एकाच जागी लिहिलेलं आहे ते आपल्या हाताने पुसायचं, हे मला होत नव्हतं. रोज पोरांच्या वह्यांतलं चुकलेलं खोडते मी, पण हे चुकलेलं नव्हतं. नवरा बिचारा नागपूरला कामाला गेला तेव्हा तो रंग मात्र घेऊन आला, आणि डबी फ्रीजवर ठेवून हात धुवायला गेला. ती डबी तिथेच पडून राहिली.

अशात आईचा फोन आला की ती डोळे दाखवायला सौंसरला येते आहे, सरकारी दवाखान्यात नागपूरचे डॉक्टर येणार होते. मी मशीनवर क्रोशाचं झाकण घातलं, त्यावर बिस्किटांचा डबा ठेवला, डब्यावर फुलदाणी. आता या पहाडाला कोण हलवणार, असं मला वाटलं.

आई आली, डोळे तपासून झाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणे. घरी येऊन चहा झाला. ती उठली आणि मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"हा देव्हारा काऊन मांडला?" तिने विचारलं.

"असंच. धूळ बसते."

"सरकव."

मी म्हटलं, आई, मशीन खराब आहे, आत काही नाही पाहण्यासारखं. फुलदाणी उचलून तिने माझ्या हातात दिली, डबा नवऱ्याच्या हातात दिला, आणि दार उघडून बोट आत घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला तांबडं पीठ लागलं होतं. तिने ते डोळ्याजवळ नेऊन पाहिलं, मग अंगठ्याने चोळलं.

"जंग हाय," ती म्हणाली.

मग माझा तोल सुटला. मी सगळं सांगून टाकलं. ठिणगी, दुरुस्तीवाला, रेगमाल, रंग, भंगार. आणि बोलता बोलता मी तिच्यावरच घसरले. म्हटलं, "कोणी सांगतलं होतं तुले आत नाव टाकाले? बाहेर कागद चिकटवता आला असता. पाटी लावता आली असती. आता मी काय करू सांग. घासू तं तुह्यं नाव जाते, नाही घासू तं मशीन जाते अन् त्याच्यासंग नावही जाते." मला रडू येत होतं आणि रडू येते म्हणून आणखी राग येत होता. नवरा बिस्किटांचा डबा धरून तसाच उभा होता.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवसापासून आहे हे?"

"तीन-चार वर्षं."

"अन् तीन-चार वर्षं तुम्ही याच्यातलंच खाऊन राहिले?"

मी हातातली फुलदाणी ओट्यावर ठेवली.

"काय बाई येडी आहेस तू," ती म्हणाली. "जवाई, रेगमाल आणा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली, आणि तो गेला. तो परत येईपर्यंत आईने मशीनचा प्लग स्वतः काढला, काचेचं ताट आणि कडी काढून मोरीत ठेवली, आणि मला म्हणाली, याले खाली उतरव, वर हात पुरत नाही. आम्ही दोघींनी मशीन उचलून अंगणात, उन्हात सतरंजीवर ठेवलं. ती त्याच्यापुढे मांडी घालून बसली. मी म्हटलं, "मी नाही घासत, आधीच सांगून ठेवते." ती म्हणाली, "तुले कोण सांगून राहिलं? तू बस फक्त."

रेगमाल आला. तिने त्याची घडी केली आणि घासायला लागली. मंडीतल्या कामाचा तिचा हात, एकसारखा चालतो, थांबत नाही. आधी बाहेरचा फुगलेला लेप गेला. मग यांजकडूनचं जे काही उरलं होतं ते गेलं. नाव ती मुद्दाम शेवटी ठेवून राहिली की कडेकडेने यायची तिची पद्धतच होती, मला सांगता येणार नाही. लाल भुकटी सतरंजीवर पडत होती आणि ती मधूनमधून फुंकर मारत होती. मी ओल्या फडक्याने भुकटी टिपत होते. म्हणजे मी काही करणार नाही म्हणाले होते, आणि करत होते.

घासता घासता ती आपल्या भावाविषयी बोलायला लागली. रामाकोना तिचं माहेर, तिथला माझा मामा गेल्या उन्हाळ्यात गेला. त्या घरी तिला सगळे लहानपणच्या नावाने हाक मारायचे. आई-बाप गेले, बहीण गेली, मामा राहिला होता. दिवाळीत आम्हाला घरी ठेवून ती एकटीच गेली की तो बगिच्यातूनच, संत्र्याच्या झाडांच्या आडून, मोठ्याने हाक द्यायचा. त्याला माहीत असायचं की बस कधी येते. ती रस्त्यावरूनच ओ द्यायची. "इतली मोठी बाई झाली, नातवंडं झाली, तरी तो तसाच चिल्लावे," ती म्हणाली. "मले लाज वाटे. लोक पायत ना. आता कोणी नाई चिल्लावत."

मला तोवर हे कळलंच नव्हतं. मामा गेला तेव्हा मी तिच्याबरोबर रामाकोन्याला गेले होते, तिला धरून बसले होते, भाऊ गेला म्हणून ती रडते असंच मला वाटलं. ते होतंच. पण त्या नावाने हाक मारणारा शेवटचा माणूसही त्या दिवशी गेला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी ते सगळं वर्ष इकडे नेलपॉलिश लावत बसले होते.

तिचा हात आता नावावर आला होता. तिला ते वाचता येत नव्हतं, पण बोटाला कळत होतं. तिने एकदा घासायचं थांबवून त्यावर बोट फिरवलं.

मी म्हटलं, "आई, मी मारू का हाक?"

"कायची?"

"त्या नावानं."

ती हसली. "पोरगी मायले नावानं हाक मारते का? लोक काय म्हणतीन. मास्तरीण बाई अन् अक्कल पाय."

"इथं कोण आहे ऐकाले?"

"जवाई हायत ना घरात."

"त्यांले काय समजते," मी म्हटलं.

ती पुन्हा घासायला लागली. पहिलं अक्षर गेलं, खालून चकचकीत स्वच्छ पत्रा निघाला. मी भुकटी टिपली. दुसरंही गेलं. तिचा श्वास थोडा लागला होता, मी म्हटलं थांब जरा, ती थांबली नाही. शेवटचं अक्षर खोल गेलेलं होतं, तिथे तिला जोर लावावा लागला. तेही गेलं. तिने तळहाताने सगळी जागा चाचपून पाहिली. कुठेच खरखर नव्हती. तिने रेगमाल बाजूला ठेवला आणि हात पदराला पुसले.

मी फडकं घेऊन उठले, अंगणाच्या टोकाला नळापाशी गेले, आणि तिथून, पाठ तिच्याकडे करून, त्या नावाने मोठ्याने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या तोंडाला ते जड गेलं, अर्ध्यात आवाज चिरकला. मागून काहीच आलं नाही. मला वाटलं, चुकलं माझं, आता रागावेल. पाण्याखाली फडकं धरून मी तशीच उभी राहिले.

मग आईचा आवाज आला. मी कधी ऐकला नव्हता असा, पातळ, लांबवर जाणारा, बगिच्याच्या पलीकडून रस्त्यावरून द्यावा तसा.

"ओ... आली."